जीपचं नवं चेंबर

त्या वर्षांत आमच्याकडे कोणाचा कोणावर भरवसा उरला नव्हता. कपाशीचं बियाणं बोगस निघायचं, फवारायच्या औषधात पाणीच जास्त, त्यामुळे माणूस चहा पितानाही आधी कपात डोकवायचा. मी तर जन्माचाच संशयी. वावरात राम उरला नाही म्हणून थोरल्या भावानं, दादानं, जुनी पेट्रोल जीप घेतली. मी तिच्यात भंगारातलं डिझेल इंजिन बसवलं. बार्शीटाकळी ते अकोला सवाऱ्या न्यायच्या आणि दोघांनी मिळून घर चालवायचं, असं ठरलं.

अडचण अशी, की इंजिनखालचं तेलाचं चेंबर पुढच्या एक्सलला अडत होतं. तसं दुसरं बाजारात मिळेना. मी अमरावतीच्या एका वर्कशॉपात शिकलेला. अंगणातच पत्रा कापून, पुढून उथळ आणि मागून खोल असं चेंबर वेल्डिंग करून बनवलं. तेल ओढणारी जाळीची नळी वाकवून मागे नेली. तेल मोजायच्या पट्टीसाठीही चेंबरवरच नवी नळी लावली. मग बाहेरून चुना फासला, आत रॉकेल भरलं आणि बघत बसलो. बारीकशी फट असती तरी चुना ओला झाला असता. झाला नाही. तरी मी बोट फिरवून वास घेतलाच.

गाडी चालवायची दादानं, संध्याकाळी तेल बघून टाकायचं मी. थोड्याच दिवसांत दादा पट्टी हातात घेऊन आला.

"तेल कुठी जाऊन राहिलं बे? गाडीखाली त एक थेंब नाई. तू टाकतो म्हणतं, पण टाकतं काय खरंच?"

म्हणजे चोर मी! माझं डोकंच फिरलं.

"मले काय इचारतं? दिवसभर गाडी तुयापाशी रायते. अकोल्यात कोणाले काढून देतं, ते सांग."

दादानं तेलाच्या कॅनला कुलूप घातलं आणि स्वतः तेल टाकू लागला. पट्टी तरी कमीच दाखवायची. मागून निळा धूर निघत होता, पण मला त्यातही दादानं टाकलेलं भेसळीचं तेलच दिसत होतं.

शेवटी एका सकाळी मी वहिनीसमोर चेंबरचा बोल्ट काढला. म्हटलं, होऊन जाऊ दे. घमेलं भरलं. वहिनीनं बादली सरकवली, तीही अर्धी झाली. आत हवं त्याहून कितीतरी जास्त तेल होतं, म्हणून मी पट्टी नळीत घालून मापून बघितलं. पट्टीची नळी मी बोटभर उंच बसवली होती, त्यामुळे पट्टी तेलात पुरेशी बुडतच नव्हती. ती कमी दाखवायची, आम्ही ओतायचो, जास्तीचं तेल इंजिन धुरात जाळायचं, की पट्टी पुन्हा कमी.

मी कानशीनं पट्टीवर खाली नवी खूण केली. दादाला सगळं दाखवलं, तसा तो हसला. "आमी घरातच चोर धुंडून राहिलो होतो," म्हणाला आणि कुलूप काढून फेकलं. तेल टाकायचं काम परत माझ्याकडे आलं. मला फार बरं वाटलं.

पुढे एकदा तेल टाकायला गेलो, तर पांढऱ्या कॅनवर, तेलाच्या पातळीला, कोळशाची बारीक रेघ होती. ती मी ओढलेली नव्हती. पुसायला हात नेला, पण पुसली नाही. इंजिनात तेल ओतलं आणि कॅनमधली पातळी उतरली होती तिथं दुसरी रेघ मीच ओढली.