तिसऱ्या रिळातला माणूस

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात माझी सगळी नोकरी गेली. माणसं किती सफाईनं थापा मारतात ते मी दिवसभर कानाला हेडफोन लावून ऐकलंय. कुणी भूत पाहिलं म्हणालं की मी आधी विचारायची, उजेड किती होता आणि पोटात काय होतं? तरी हे लिहितेय, कारण इतक्या वर्षांत यातली लबाडी मला सापडलेली नाही... आणि शोधायची मी बाकी ठेवलेली नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्याकडे एक फिल्म क्लब होता. पावसाळा संपला की त्यांचा सीझन सुरू व्हायचा - जपान, पोलंड, कुठले कुठले सिनेमे. एका शाळेचा हॉल, खिडक्यांना काळे कागद, पुढे जाजम, मागे खुर्च्या. पत्र्याच्या पेटीतून रिळं मुंबईहून एस.टी.नं यायची. प्रोजेक्टर एकच, म्हणून रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं चढवेपर्यंत सेक्रेटरी लिमये सर माईकवरून आत्ता काय पाहिलं ते मराठीत समजावून सांगायचे. खालची इंग्रजी अक्षरं वाचून होण्याआधीच पळायची, त्यामुळे सगळ्यांची भिस्त सरांवर. सर रंगात आले की पडद्यावर कावळा बसला तरी त्यांना त्यात समाजव्यवस्था दिसायची.

त्या शनिवारी मी माझ्या थोरल्या बहिणीला, शालूताईला, जवळजवळ ओढूनच नेलं. तिचं सासर भाट्याचं. तिचे यजमान, वसंतभावोजी, बोटीवर खलाशी होते. एका परक्या बंदरात बोट लागलेली असताना ते नाहीसे झाले. समुद्रात पडले असावेत, एवढंच कंपनीनं कळवलं. प्रेत मिळालं नाही. अशा माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायचं, अशी आपल्याकडची रीत. ती बारा वर्षं भरत आली होती. दीर वाईट नव्हते, पण भावाला गती मिळायला हवी म्हणून विधीसाठी मागे लागले होते. ताई ऐकेना. "माझ्या डोळ्यांदेखत त्यांना जाळणार?" एवढंच म्हणायची. जेवणावरची वासना गेली होती तिची. दोन घटका मन रमेल म्हणून मी तिला आणलं.

सिनेमा काळापांढरा, कुठल्याशा बंदरगावातला. मध्येच एक धक्का आला - लाकडी खोकी, दोरखंडं, एक लंगडं कुत्रं. खोक्यांपाशी एक पाठमोरा माणूस, डावा खांदा खाली टाकून उभा. ताईनं माझं मनगट धरलं. तो माणूस वळला आणि सरळ आमच्याकडे बघत त्यानं उजवा तळहात पुढे केला, डावा हात कोपराखाली... तीर्थ घेताना आपण धरतो तसा. वसंतभावोजी. मीही ओळखलं.

दिवे लागले. लिमये सर माईकवर आले. "आता पाहिलेला तो हात पसरणारा भिकारी, तो म्हणजे युद्धानंतरची भूक!" म्हणजे तो माणूस आम्हालाच दिसला असं नव्हतं.

खरं सांगते, मला आनंद झाला नाही, संताप आला. मेला जिवंत आहे! तिकडे दुसरा संसार थाटून सिनेमात उभा राहतोय आणि माझी बहीण इकडे झुरतेय! खेळ संपल्यावर मी सरांना गाठलं आणि सिनेमा कधीचा ते विचारलं. ते म्हणाले, तीसेक वर्षांपूर्वीचा. तेव्हा तर भावोजी अर्ध्या चड्डीत शाळेत जात असतील. मग माझा संशय सरांवर गेला. यांनी मध्ये काही चिकटवलं तर नाही? ते रीळ उजेडात धरून जोड शोधायला लावले त्यांना. एकही नव्हता. तोंडावळा सारखा असलेला कुणी नट असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

माझ्या घरी आल्यावर ताई बोलली. ते बोटीवर निघाले त्या सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. या खेपेला जाणार नाही असा त्यांनी शब्द दिला होता, आणि तरी निघाले होते. प्रवासाला निघालेल्याच्या हातावर दही घालायचं, पण ही रागानं चुलीपुढून उठलीच नाही. "हे उंबऱ्यात हात पुढे करून उभे होते गो. कितीतरी वेळ. मग तसेच गेले." हे तिनं तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिमये सर दारात, चेहरा पडलेला. तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लागलं होतं! सगळ्या हॉलमध्ये एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. जागतिक सिनेमा असाच असतो म्हणून लोक गप्प बसले, आणि एका गृहस्थांनी तर मांडणीचं कौतुक केलं होतं. क्लबची अब्रू राखायची म्हणून दुपारी चार वाजता पुन्हा नीट क्रमानं दाखवणार होते. ताईनं ऐकलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. निघताना तिच्या हातात झाकलेली वाटी होती.

ती पुढे जाजमावर बसली, मी शेजारी. तिसरं रीळ चढलं. धक्का आला, कुत्रं आलं, तो वळला, हात पुढे आला. ताईनं चमचाभर दही घेतलं आणि बसल्याजागीच हात लांब केला. मी तिच्याकडे बघू की पडद्याकडे, मला कळेना. पडद्यावरची मूठ मिटली. त्यानं ती तोंडाशी नेली, मान खाली घातली आणि धक्क्यावरून चालत चालत चित्राबाहेर गेला. आदल्या दिवशी हे नव्हतं, शपथेवर सांगते.

दिवे लागल्याबरोबर मी जाजमावर ओणवी झाले. दह्याचा डाग शोधत होते. तिच्या पदरावर, मांडीवर, जाजमावर, कुठेही थेंब नव्हता. चमचा रिकामा होता.

खेळ संपल्यावर मी सरांना ते रीळ परत लावायला लावलं. धक्का, खोकी, दोरखंडं, लंगडं कुत्रं. माणूस नव्हता. सर हळूच म्हणाले, "मग काल मी माईकवर बोललो कुणाबद्दल?"

ताई तेवढी शांत होती. मला म्हणाली, "आमच्या दिरांना सांग, विधी करा आता. हे तेवढ्यासाठीच अडकले होते." त्या रात्री ती पोटभर जेवली.

पुढे मी क्लबातल्या लोकांना विचारलं, तर निम्म्यांना भिकारी आठवत होता, निम्म्यांना कुत्रंसुद्धा नाही. दुःखात माणसाला भलतंसलतं दिसतं, जुनी फिल्म कुठेही उडी मारते, हे मला मान्य आहे. सगळं मान्य आहे. फक्त त्या चमच्यातलं दही कुठे गेलं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.