गाय तीच होती

पहिली काठी बरण्यांवर बसली, दुसरी काकांच्या कपाळावर. पोरगी माझ्या कडेवर किंचाळतेय, मी दुधाच्या भुकटीचा डबा छातीशी धरून भिंतीला चिकटलेली. आणि बोलले मीच होते हो. माझ्याच तोंडानं झालं ते सगळं.

काका म्हणजे भद्रकालीतले आमचे दुकानदार. कुणी डब्यावरची अक्षरं लावत बसलं की ते चित्रावर टिचकी मारायचे. “नाव सोड पोरी, छाप बघ.” मी दुसरीपर्यंत शिकलेली, मला तेच बरं. मला दूध येईना, पोरगी सुकत चालली, तेव्हा गाईच्या छापाचा डबा काकांनीच दिला. पाणी किती उकळायचं ते दोनदोनदा सांगितलं. सासूनं नव्हतं सांगितलं एवढं.

मग विलायती मालावर बहिष्कार आला. थोड्या दिवसांनी डब्यावर मराठी नाव आलं, गाय मात्र तीच. मी घाबरले, विचारलं. तर हसले.

“कंपनी एकच गं. साहेबाकडं एक नाव, मद्रासेकडं दुसरं, आपल्याकडं तिसरं. लग्नात तुझं नाव नाही बदललं? तू बदललीस का? आमची ही तर म्हातारी झाली, तरी माहेरच्याच नावाला लवकर ओ देते!”

त्या दिवशी बहिष्कारवाले चार दांडगे दुकानात शिरले. “माल कुठला?”

“वाचा की. मराठीच आहे,” काका म्हणाले.

एकजण माझ्याकडं वळला, गोड आवाजात. “ताई, लेकराला सोसतं का हे? नवीनच निघालंय ना?”

मला वाटलं, दूध नकली म्हणून डबा काढून घेतात आता. मी घाईघाईनं बोलले, “नवीन कुठलं दादा? ते पहिलं विलायतीच हे, नुसतं नाव बदललंय. गाय बघा ना!”

काका माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही.

मग काठ्याच. फळ्या उपटल्या, काकांना ओढून उंबऱ्यावर आपटलं, दात रक्तासकट बाहेर पडले. एकजण माझ्या हातातला डबा खेचू लागला. काकांनी खालूनच त्याचा पाय धरला. “लेकराचं आहे रे ते! सोड!” त्यानं दुसऱ्या पायानं बरगडीत लाथ घातली. कडकन आवाज आला, मी ऐकला. तरी काकांनी पाय सोडला नाही. “पळ पोरी!”

मी पळाले. डबा घेऊन पळाले. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी काका गेले. मी त्यांच्या दारावरून जाताना काकू मला हाक मारतात, पोरीचा गाल कुरवाळतात, म्हणतात, “बाळसं धरलंय हो.” कोण बोललं ते त्यांना माहीत नाही. सांगू? तुमच्या कडेवर पोर असतं, तर थांबला असतात का तुम्ही?