ऑर्किडची ऑक्टोबर छाटणी

आमच्या बाथरूममध्ये गीझरशेजारी एक झाड लटकत होतं. जमिनीत न राहता दुसऱ्या झाडाच्या फांदीला मुळांनी मिठी मारायची आणि हवेतल्या ओलाव्यावर जगायचं, असा ज्याचा कुळाचार, ते ऑर्किड. त्यातही हे फिलिपाईन्सच्या जंगलातलं, सहसा कुठे मिळत नाही असं, आणि नाव इतकं लांब की उच्चार संपेपर्यंत पुन्हा पाणी घालायची वेळ व्हावी. लाकडाच्या एका ठोकळ्याला ते बांधलेलं होतं आणि त्याच्या हातभर लांब काड्या खाली लोंबत होत्या. सासूबाई पहिल्या दिवशी आंघोळ अर्धवट टाकून बाहेर आल्या.

"अगं, ते माझ्याकडे बघतंय," म्हणाल्या.

झाड आलं ते माझ्या नणंदेकडून. ती पुण्याला असते. वयाने माझ्याहून लहान, पण या घरात तिचा मान मोठा, म्हणून मी तिला 'वन्सं' म्हणते. तिला वाटतं, मी आदराने म्हणते. तिच्या गच्चीवर ऑर्किडं अशी फुलतात, जणू त्यांना फुलण्यावाचून दुसरं काही शिकवलेलंच नाही. गौरी-गणपतीला आली तेव्हा या झाडाला तिने गाडीत सीटबेल्ट लावून आणलं होतं.

"वहिनी, गुढीपाडव्यापर्यंत फूल आलं तर झाड तुमचं," ती म्हणाली. "नाही आलं तर मी परत घेऊन जाईन. राग मानू नका हं, पण नाशिकची हवा कोरडी. इथे द्राक्षं, कांदे ठीक आहेत."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमच्या घरात चांगली वस्तू म्हणजे पुण्याची, हे ठरलेलंच. चिवडा पुण्याचा, पडदे पुण्याचे, जावईही पुण्याचा. मी शाळेत इतिहास शिकवते. याहून क्षुल्लक कारणावरून राज्यं बुडालेली मला ठाऊक आहेत. मी मनातल्या मनात युद्ध पुकारलं आणि तोंडाने म्हटलं, "वन्सं, अजून एक मोदक घ्या ना."

मग सुरू झाली सेवा. नळाचं पाणी त्याला चालत नाही, म्हणून पावसाचं पाणी मी घागरीत साठवलं. कपड्यांना इस्त्री करताना मारायचा फवारा रोज सकाळी त्याच्या मुळांवर मारायचा. हवा दमट हवी, म्हणून सिन्नरच्या कारखान्यातून दमून आलेल्या नवऱ्याला मी भर ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात कढत पाण्याने आंघोळ घालायला लागले.

"अहो, अजून दोन बादल्या घ्या."

"अगं, मी स्वच्छ झालोय."

"तुमचं कोण विचारतंय? वाफ कमी पडतेय."

सासूबाईंनी त्याचं नाव बांडगूळ ठेवलं. मी त्यांना समजावलं, "आई, बांडगूळ झाडाचा रस पितं. हे फक्त फांदीवर बसतं. राहायला जागा हवी, बाकी काही मागत नाही."

"मग जावई म्हण."

"जावई खातात, आई."

"ते खरं," म्हणून त्यांनी पुण्याच्या दिशेने एक सुस्कारा सोडला.

आता गंमत म्हणून सांगतेय, पण रोज सकाळची फवाऱ्याची ती पंधरा-वीस मिनिटं मला भलतीच आवडायला लागली होती. बाथरूमला आतून कडी. टॉवेल कुठे, डबा कुठे, किल्ली कुठे, हे विचारायला कुणी येऊ शकत नाही. मी आणि ते झाड. दोघीही काही न बोलता ओल्या. पाडव्याला ते गीझरशेजारचा खिळा रिकामा करून पुण्याला परत गेलं, तर मानापमान राहू द्या बाजूला, माझी ती वेळसुद्धा जाणार होती.

वन्संनी जाताना एक गोष्ट पुन्हापुन्हा बजावली होती. दिवाळीच्या सुमारास या झाडाची पानं पिवळी पडून गळतात. काड्या मेल्यासारख्या दिसतात. तेव्हा पाणी बंद करायचं आणि हात लावायचा नाही, कारण त्याच उघड्या काड्यांवर मार्चमध्ये फुलं येतात. म्हणजे झाड मरणाचं नाटक करतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात गेली कित्येक वर्षं मीच नाटकं बसवते. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

पानं बरोबर वेळेवर गळाली. आणि आली भाऊबीज.

भाऊबिजेला माझा नवरा त्याच्या बहिणीकडे पुण्याला जातो आणि माझा धाकटा भाऊ माझ्याकडे येतो. भावाची दिंडोरीकडे द्राक्षाची बाग आहे. द्राक्षवाल्या घरात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना सांगायला नको, पण ऑक्टोबर छाटणीच्या त्या दिवसांत आमच्या माहेरच्या माणसांचा हात शिवशिवतो. कात्री खिशात असते. बाग छाटून झाली की नजर दुसरीकडे जाते. वडिलांनी एका वर्षी अंगणातली जास्वंद छाटली, मग शेजाऱ्यांची मेंदी छाटली, आणि मग शेजाऱ्यांशी आमचं बोलणं छाटलं गेलं.

पैजेचं मी भावाला फोनवर सांगितलं होतं. तो पेटलाच होता. "लय झालं त्यांचं. ताई, फूल आलंच पाहिजे. माहेरच्या इज्जतीचा प्रश्न हे."

तो आला. मी ताम्हणात निरांजन, सुपारी मांडत होते. म्हटलं, "जा, हात-पाय धुऊन ये."

गेला तो येईचना. आतून कच्, कच् असा आवाज यायला लागला. मला वाटलं, नखं कापतोय.

दार उघडलं. चेहऱ्यावर बाग निर्यातीला गेल्याचं तेज. हातात माझ्या झाडाच्या सगळ्या काड्यांची जुडी, वर सुतळीने नीट बांधलेली.

"ताई, आधी तुझी ओवाळणी घे. पार वाळून गेलं होतं. दोन डोळ्यांवर छाटून टाकलं. आता बघ, कशी फूट येती ते!"

द्राक्षाच्या काडीवर मोजके डोळे ठेवून बाकीची उडवतात, मग त्या डोळ्यांतून नवी फूट येते आणि तिला घड लागतात. त्याने जिवापाड माया करून माझं झाड द्राक्षाच्या रांगेत बसवलं होतं. ठोकळ्यावर बोटाएवढी खुंटं उरली होती.

मी निरांजनासकट खाली बसले. "अरे दुष्टा, फुलं याच काड्यांवर येतात!"

"वाळक्या काडीला?"

"हो!"

"असं कुठं असतंय का?"

"फिलिपाईन्समध्ये असतं!"

"मग नाशकात कशाला आणलं?"

सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "आधी ओवाळ गं त्याला. वात विझेल." मी ओवाळलं. निरांजन त्याच्या मिशीच्या जरा जास्तच जवळून नेलं.

"घेऊन जा ती जुडी," मी म्हटलं. "म्हशीला घाल."

"म्हैस नाय खायची. मळ्यात लावून बघतो ना."

"अरे, जमिनीत नाही येत ते! झाडावर राहतं, झाडावर! कितीदा सांगू?"

तेवढ्यात पुण्याहून नवऱ्याचा फोन. "इथे तुझ्या झाडाची चौकशी चाललीय. काय सांगू?"

"सांगा, विश्रांती घेतंय."

तिथून पुढे हिवाळाभर मी जो अभिनय केला, त्याला तोड नाही. दर रविवारी वन्संचा व्हिडिओ कॉल. "वहिनी, दाखवा ना जरा काड्या." पहिल्या रविवारी नेट गेलं. दुसऱ्या रविवारी बाथरूममध्ये आई होत्या. तिसऱ्या रविवारी सगळी कारणं संपली. मी गरम पाण्याचा नळ सोडून आत भरपूर वाफ केली, सासूबाईंच्या हातात अंगण झाडायचा खराटा दिला आणि तो गीझरशेजारी उलटा धरायला लावला. फोनमध्ये धुक्यातून लोंबणाऱ्या काड्या तेवढ्या दिसल्या.

"अय्या, काय सुरेख सुकल्यात!" वन्संनी फोन डोळ्यांजवळ नेला. "अगदी अश्शाच हव्यात. माझ्याकडेसुद्धा इतक्या सरळ नाही राहत."

सासूबाईंचं हसू आवरेना. खराटा थरथरला.

"हलतंय का ते?"

"वारं आहे, वन्सं."

बाथरूममध्ये कसलं वारं, हे त्यांनी विचारलं नाही. फुलवेड्या माणसाला फसवणं सोपं असतं. मी फार कमी वेळा इतकी लाजले आहे, आणि इतकी खूश त्याहूनही कमी वेळा झाले आहे. सासूबाई तर पुढच्या रविवारची वाट बघायला लागल्या.

पण पाडवा यायचा तो आलाच. आदल्या संध्याकाळी वन्सं आल्या, झाड परत न्यायला खास पिशवी घेऊन. रात्री मी बाथरूमचा दिवा गेलाय म्हणून वेळ मारून नेली. सकाळी त्या दात घासायला गेल्या.

"वहिनी!"

ठोकळ्यावर खुंटं. खाली कोपऱ्यात खराटा. वन्सं हुशार आहेत. त्यांनी एकदा खुंटांकडे पाहिलं, एकदा खराट्याकडे.

"मी... मी या खराट्याचं कौतुक करत होते?"

"अगदी मनापासून," सासूबाई म्हणाल्या. "तो पण सुखावला होता गं."

मग मी सगळं सांगितलं. भाऊबीज, कात्री, दोन डोळे. टूथब्रश तोंडात तसाच ठेवून वन्संनी खिळ्यावरून ठोकळा उतरवायला सुरुवात केली. मी आडवी गेले नाही. अट अट होती. पण मी त्या नुसत्या खिळ्याकडे बघत राहिले. उद्यापासून त्यावर कुणाचा तरी टॉवेल येणार होता.

दारावरची घंटा वाजली. भाऊ. पाडव्याला तो दरवर्षी द्राक्षांचा क्रेट घेऊन येतो. या वर्षीही खांद्यावर क्रेट होता. आणि घडांवर आडवी ठेवलेली एक काडी होती. पान एकही नाही. नुसती फुलं, जांभळी, आत गर्द गळा, आणि सगळ्या जिन्यात बर्फाच्या गोळ्यावर घालतात त्या लाल सरबताचा वास.

"ताई, तुझं ते झाड फुललं बरं का. म्हटलं, गुढीला बांधायला होईल, म्हणून कापून आणलं."

वन्संच्या तोंडातून ब्रश पडला. "कापून?"

"तू म्हणलीस ना, झाडावर राहतं. मग आंब्याला बांधली जुडी, आपल्या द्राक्षाच्या सुतळीनं. फवारणीचा पंप धुताना उरलंसुरलं खत मारत होतो. लय फुटलंय." मग त्याची नजर वन्संच्या हातातल्या ठोकळ्यावर गेली. खुंटांच्या बुडाशी हिरवे कोंब डोकावत होते, ते मलाही आत्ताच दिसले. "हे बघ! दोन डोळे ठेवले होते. आली का नाय फूट?"

या माणसाची चूक झाली होती, हे त्याला आता जन्मात कुणी पटवू शकणार नव्हतं.

मी लगेच वन्संपुढे हात केला. "फूल आलं. आणा झाड."

"असं कसं? अट तुमच्या घरी फुलायची होती, वहिनी. हे दिंडोरीला फुललं."

सासूबाई पुरणाचा हात घेऊन स्वयंपाकघरातून आल्या. "का गं? तू पुण्याला असतेस तरी हे घर तुझं म्हणून हक्काने पिशवी घेऊन येतेस ना? मग तिचं माहेर तिचं घर नाही होय? ठेव ते परत खिळ्यावर."

लग्नानंतर या घरात कुणी असं म्हणालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

वन्संनी ठोकळा टांगला. मग गुढी उभारताना ती काडीही त्यांनीच हातात घेतली आणि कडुलिंबाच्या डहाळीशेजारी बांधली, एक पाकळीही न मोडता. समोरच्या गॅलरीतल्या काकूंनी विचारलं, "हे कसलं हो फूल?" सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, "द्राक्षाचं."

वन्सं हसल्या. मग माझ्या भावाजवळ जाऊन, पुण्याच्या माणसाला जितकं हळू बोलता येतं तितक्या हळू म्हणाल्या, "दादा, आंब्यावरची एक काडी मला मिळेल का?"

"एक का? पाहिजे तेवढ्या न्या की," तो म्हणाला. "चला, आत्ताच जाऊ." आणि त्याचा हात खिशातल्या कात्रीकडे गेला.

"नको!" आम्ही दोघी एकदम किंचाळलो.