मनोहरराव आणि माझी ठरलेली सुरुवात

मनोहरराव देशकर यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि गौरव समितीने मलाही लिहायला सांगितले आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला. या ग्रंथात त्यांचे विद्यार्थी लिहिणार, त्यातले काही बुद्धिबळात नाव काढलेले. त्यांच्या ओळीत माझा लेख कसा दिसेल, या धास्तीत दोन आठवडे गेले. पण त्यांची माझी ओळख सगळ्यांत जुनी आहे, आणि एक हकिकत अशी आहे की ती मी लिहिली नाही तर कोणीच लिहिणार नाही.

आमची ओळख जबलपुरातल्या कारखान्याच्या कँटीनमध्ये झाली. मी लेथवर काम करीत होतो, मनोहरराव मालाचे तपासनीस म्हणून नवे आले होते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही काही जण पट मांडत असू. ते तीन दिवस माझ्या पाठीमागे उभे राहून नुसते बघत राहिले. मला फार अवघडल्यासारखे झाले. तपासनीस माणूस, काय तपासून राहिला कोण जाणे. चौथ्या दिवशी त्यांनी विचारले, “बाबूरावजी, तुम्ही रोज हीच सुरुवात काहून करता?”

मी म्हणालो, मला हीच येते. लोक हसले. मनोहरराव हसले नाहीत. समोर बसले आणि म्हणाले, “मला रोज वेगळी करून पाहावीशी वाटते. बघू कोणाचं खरं.”

माझ्या पहिल्या आठ चाली ठरलेल्या होत्या. राजाचे प्यादे, मग घोडा, मग उंट, असे पुढे. समोरच्याने काहीही केले तरी मी माझा पाढा म्हणत जाई. मनोहरराव आज वजिराच्या प्याद्याने सुरू करीत, उद्या घोड्याने, परवा अगदी कडेच्या प्याद्याने. हरले तरी त्यांना वाईट वाटत नसे. खिशातल्या छोट्या वहीत सगळा डाव उतरवून घेत आणि कुठे बिघडला ते मलाच विचारत. वयाने मी सात वर्षांनी मोठा, पण ते साहेब आणि मी कामगार. तरी उत्तर खरोखर कळून घ्यायचे असल्यासारखा प्रश्न विचारत. डाव लिहून ठेवायची रीत मी त्यांच्याकडूनच शिकलो.

कामातही ते तसेच होते. बाकीचे तपासनीस ट्रेच्या उजव्या कोपऱ्यातला नग उचलीत. हे साऱ्या शॉपला, म्हणजे आमच्या विभागाला, ठाऊक होते, म्हणून कोपऱ्यात सगळ्यांत देखणा नग ठेवला जाई. मनोहरराव कधी मधली ओळ घेत, कधी शेवटची, कधी ट्रे फिरवून घेत. माझ्या शेजारच्या मशीनवरचा रामदुलारे म्हणायचा, “देसकर साहब का हाथ और बिल्ली का पाँव, कहाँ पड़ेगा भगवान जाने.”

मग लढाईचे दिवस आले. बारा-बारा तासांची शिफ्ट. मी पितळेची एक टोपी करीत होतो. ती पुढे कुठे बसते हे आम्हाला सांगत नसत. तिला पाच कामे लागत आणि त्यातले तिसरे म्हणजे आतून एक बारीक खाच पाडणे. ही खाच बाहेरून दिसत नाही, गेज म्हणजे मापाची सळी घालूनच कळते. त्या आठवड्यात दिवसा सायरनचा सराव चाले. सायरन झाला की मशीन बंद करून खंदकात जायचे आणि दुसरा सायरन झाला की परत यायचे.

एका दुपारी मनोहररावांनी माझ्या ट्रेमधून एक टोपी उचलली, गेज घातले आणि पुन्हा घातले. खाच नव्हती.

फोरमन आले. “किसका माल है?” माझा होता. मी अजून हंगामी कामगारच होतो. बारा ट्रे भरले होते. नियमाप्रमाणे सगळा माल अडवायचा आणि ज्याचा माल त्याचे कार्ड फाटकावर जमा. त्या दिवसांत नुसते कामावरून काढून थांबत नसत. मुद्दाम बिघडवले का, याचीही चौकशी होई. घरी म्हातारी आई, बायको आणि दोन लहान मुली होत्या.

मनोहररावांनी फोरमनकडे अर्धा तास मागितला आणि मला विचारले, “काल-आज सायरन किती झाले?”

मी म्हणालो, तीन.

“आणि ट्रेमध्ये नग लावता ते ज्या क्रमाने होतात त्याच क्रमाने ना?”

त्याच क्रमाने. मी कशातच क्रम सोडत नसे. काम मध्येच थांबले की तिथे खडूची रेघ मारायचीही मला सवय होती. मनोहररावांनी त्या रेघा पाहिल्या आणि सायरनच्या तीन रेघांपुढचा पहिला-पहिला नग काढला. एक तर हातात होताच. उरलेल्या दोन्हींतही खाच नव्हती.

फोरमन म्हणाले, “आपको कैसे मालूम?”

मनोहरराव माझ्याकडे बघून म्हणाले, “बाबूरावजी, डावात कोणी हाक मारली आणि तुम्ही उठून गेलात, की परत येऊन एक चाल गाळता. उंट काढायचा राहतो आणि तुम्ही पुढचं प्यादं सरकवता. तुम्हाला वाटतं, उंट निघाला. हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे.”

“मग सांगितलं काहून नाही?” माझ्या तोंडून निघून गेले.

“जिंकून राहिलो होतो ना,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. एवढा ओशाळलेला साहेब मी त्याआधी पाहिला नव्हता.

तीन नगांवर ते थांबले नाहीत. पुढचे दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत पट न मांडता ते आणि मी बाराही ट्रे एकेक नग घेऊन तपासत बसलो. मी टोपी द्यायची, त्यांनी गेज घालायचे. माझे कार्ड तोवर फोरमनच्या टेबलावर होते. खाच नसलेली चौथी टोपी निघाली नाही. मनोहररावांनी सही केली, माल पास झाला, मला ताकीद मिळाली आणि कार्ड परत आले.

यानंतर मी घाबरून रोज सुरुवात बदलू लागलो आणि सगळ्यांकडून हरू लागलो. मनोहररावांनी एका रविवारी मदन महलच्या आपल्या घरून सायकलवर येऊन मला सराफ्यात नेले. तिथे एक वृद्ध सोनार होते. चाळीस वर्षे एकाच सुरुवातीने खेळायचे आणि कोणाकडून हरायचे नाहीत. मनोहरराव दोन डाव हरले आणि मग त्यांनी सोनारांना तोच प्रश्न विचारला, रोज तीच सुरुवात का? ते म्हणाले, “रास्ता रोज़ वही रखता हूँ भैया, तभी तो दिखता है कि आज सड़क पर नया कौन है.”

हे उत्तर मनोहररावांच्या मताच्या अगदी उलट होते. तरी त्यांनी ते तिथेच, दुकानाच्या पायरीवर बसून वहीत उतरवले आणि परतताना सायकल हाती धरून माझ्या घरापर्यंत माझ्याशी त्यावरच बोलत चालले. पटावर बदलावे आणि कामात बदलू नये, असे असेल का? पण तपासणीही कामच आहे. मग माणसागणिक वेगळे असेल का? मी माझ्या जुन्या सुरुवातीकडे परतलो, फक्त उठून आलो की पट पहिल्यापासून बघू लागलो. त्यांनी पुढे कितीतरी मुलांना खेळ शिकवला, पण कोणाला एकच सुरुवात धर किंवा रोज बदल, असे सांगितल्याचे मला आठवत नाही. दोन्ही करून बघ आणि मला येऊन सांग, असे ते म्हणत.

मी पुढे कायम झालो आणि त्याच शॉपमधून निवृत्त झालो. मुली शिकल्या. पण एक गोष्ट इतकी वर्षे मला टोचत राहिली होती. ट्रे तपासण्याच्या त्या दोन दिवसांत माझ्या मनात एकच धाकधूक होती, चौथी टोपी निघाली तर? आपला मित्र ती खिशात टाकेल की नाही? हे विचारायचे मला धाडस झाले नाही. या लेखासाठी म्हणून गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो आणि विचारून टाकले.

मनोहररावांनी चष्मा काढला. “खराब म्हणून लिहून दिली असती, बाबूरावजी. तो माल सीमेवर कोणाच्या तरी पोराच्या हातात जाणार होता.”

मला वाईट वाटेल असे वाटले होते, पण बरे वाटले. ज्या सहीने माझी नोकरी वाचली ती सही मैत्रीची नव्हती, खरी होती. म्हणजे माझा बाकीचा माल खरोखरच चांगला होता. अशी सही करणारा हात देवाने शंभरीपर्यंत स्थिर ठेवावा, डोळ्यांना उजेड आणि गुडघ्यांना बळ द्यावे, एवढेच मागणे मी घरच्या सर्वांच्या वतीने मागतो.