डमी लोडच्या झाकणाला एवढंसं भोक

मंडळी, माझं काळीज अजून धडधडतंय. मी सांगतेय आणि माझी सून वैशाली लिहितेय.

वैशालीला हौशी रेडिओचा नाद. रीतसर परवाना काढलाय तिनं. नवा सेट तपासताना हवेत उगाच गोंगाट जाऊ नये म्हणून अँटेनाच्या जागी डमी लोड जोडतात. तो सगळी ताकद मुकाट गिळतो आणि आतल्या आत तापतो. आमच्या घरी हे मुकाट गिळून तापायचं काम आजवर माझ्याकडे होतं.

छोटा, कोरडा लोड शंभर वॅटला जळेल म्हणून तिनं तेल भरलेला पत्र्याचा डबा निवडला. सकाळी मी तो पुसायला घेतला, तर झाकणाला भोक! म्हटलं, मुंग्या शिरतील. नळाची गळती बुजवायचा मसाला लावला, दगडासारखा बसला.

दुपारी तिनं सेट चालू केला. अर्ध्या तासात डबा फुगला आणि फाडकन झाकण उडालं! गरम तेल तिच्या कानाजवळून भिंतीवर गेलं.

"आई, माझीच निवड चुकली," ती रडवेली झाली. "पोरीचा जीव वाचला हेच लई झालं," एवढंच मी बोलले.

वैशाली, निवड बरोबर होती गं. गरम हवा जायचं भोक मी बुजवलं.

हे लिहिताना तिची बोटं थांबलीत. "आई, तुम्ही?"

"व्हय बाई, मीच. लिही पुढं."

मंडळी, न विचारता असा शहाणपणा तुम्ही कधी केलाय का? लवकर सांगा, ती माझ्याकडे नुसती बघतेय.