पायवाटेवरची दुसरी जागा

ग्वाल्हेरच्या पश्चिमेला तिघऱ्याच्या तलावापलीकडे जे डोंगर आहेत, त्यांवरच्या पायवाटा एका माणसापुरत्या रुंद आहेत. दोघांना बरोबरीने चालता येत नाही. त्यामुळे कोण कुठल्या जागी चालतो याला तिथे अर्थ असतो. चौदा वर्षं माझा मावसभाऊ पुढे चालत होता आणि मी त्याच्या मागे, चार पावलांवर. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणत असे.

दादा बांधकाम खात्यात नकाशानवीस होता. शब्द दरबारी होता. संस्थान विलीन झालं, मध्य भारत आलं, कचेरीवरची पाटी बदलली. शब्द तसाच राहिला. पुढे मध्य भारतही मोडलं, नवं राज्य झालं आणि राजधानी भोपाळला गेली. नकाशांची कपाटं फळ्या ठोकून बंद झाली. पावसाळ्यापूर्वी भोपाळला हजर व्हावं, असा हुकूम दादाला फाल्गुनात मिळाला. म्हणजे आमचे दहा-बारा रविवार उरले होते. ते कसे घालवायचे हे मी ठरवून टाकलं होतं: आजवर चाललेली प्रत्येक वाट एकदा पुन्हा, दोघांनी.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका हिंदी दैनिकात उपसंपादक होतो. इतरांच्या बातम्यांतली विशेषणं काढणं हे माझं काम. शिवाय इथल्या मराठी मंडळींचं एक पाक्षिक निघत असे, त्याचं संपादन मी हौसेने पाहायचो.

त्याच सुमारास थाटीपूरला दादाच्या शेजारचा सरकारी क्वार्टर रिकामा झाला, कारण तिथले गृहस्थ दादाच्या आधीच भोपाळला गेले. त्या जागी वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक राहायला आले. मूळचे साताऱ्याकडचे, वयाने माझ्याएवढे, अविवाहित. पहिल्याच आठवड्यात दादाने त्यांना रविवारी बरोबर घेतलं. मला विचारलं नव्हतं. विचारायचं कारणही नव्हतं.

त्या सकाळी आम्ही धरणाच्या चौकीदाराकडे सायकली ठेवल्या. तिन्ही सायकलींना कुलपं लावून मी वळलो तोवर ते दोघे वाटेला लागले होते. प्राध्यापक काहीतरी विचारत होते, दादा मान वळवून उत्तर देत होता. दुसरी जागा गेली होती.

तिसऱ्या जागेवरून काय दिसतं ते सांगतो. समोर एक पाठ दिसते, पण ती ज्याच्यासाठी आलो त्याची नसते. धूळ दोघांची मिळून येते. बोलणं तुटक ऐकू येतं. हसणं मात्र पूर्ण येतं.

प्राध्यापक एका झाडापाशी थांबले. पानं गळालेलं, बारीक फांद्यांचं, राखेच्या रंगाचं झाड. त्या डोंगरांवर तीच झाडं जास्त. त्यांनी फांदी वाकवून नखाने साल खरवडली.

"करधई," ते म्हणाले. "पुस्तकात वाचलं होतं, आज पाहिलं. हिला पाऊस लागत नाही. हवेत नुसता ओलावा आला की ही हिरवी होते."

"क्या बात है!" दादा म्हणाला. "चौदा वर्षं हिच्यामधून जातोय यार, हिचं नाव कोणी सांगितलं नव्हतं." हे तो माझ्याकडे पाहून म्हणाला. रोख माझ्यावर नव्हता, हे मला माहीत होतं.

खरी गोष्ट वेगळी होती. दादा चालताना बोलत नसे. आम्ही बोलायचो ते मुक्कामाच्या झाडाखाली, पोळ्या सोडल्यावर. ते मौन मी डोंगराचा नियम समजत होतो. आता कळलं की तो आमच्या दोघांपुरता होता. प्राध्यापकांबरोबर दादा सबंध चढ बोलत राहिला: दगडाच्या थरांबद्दल, कचेरीतल्या जुन्या नकाशांबद्दल, लहानपणी त्याला झालेल्या देवीच्या आजाराबद्दल. ही शेवटची गोष्ट मला आईकडून माहीत होती. त्याच्या तोंडून मी ती पहिल्यांदा ऐकली, सहा पावलांवरून.

वहिनींच्या ते लवकर लक्षात आलं. एका रविवारी मी त्यांच्याकडे पोचलो तर ते दोघे अंगणात बुटांना तेल लावत बसले होते. वहिनींनी चहा पुढे केला.

"भावजी, तोंड का असं? तब्येत ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"मला कळतं हो. तुमची सवत आलीय." आणि बाहेर आवाज दिला, "अहो, ऐकलं का? मोठीला आधी विचारत जा, नाहीतर ही माहेरी निघून जाईल."

दादा खो खो हसला. प्राध्यापकही हसले आणि त्यांनी मला आपल्या शेजारी बाकावर जागा करून दिली. माणूस चांगला होता. त्यामुळे त्याच्यावर रागावणं मला जास्त कठीण झालं.

चैत्र अर्धा सरला होता. त्या दिवशी आम्ही नेहमीपेक्षा दूर गेलो. अकराच्या आत तिघांच्या बाटल्या संपल्या. इथे डोंगरातल्या खोल, अरुंद घळीला खो म्हणतात. अशा एका खोमध्ये दगडी कुंड होतं, त्यात झिऱ्याचं पाणी ज्येष्ठापर्यंत टिकतं असा आमचा अनुभव.

"आमच्याकडे खो देतात," प्राध्यापक म्हणाले. "मागून यायचं, खो म्हणायचं आणि पुढच्याची जागा घ्यायची. तुमच्याकडे खोत उतरतात."

दादा हसला. मी हसलो नाही. त्यांनी खेळाचा नियम बरोबर सांगितला होता.

दादाच्या टाचेला फोड आला होता. तो खैराच्या विरळ सावलीत बसला आणि मला म्हणाला, "तू बघून ये. तुला जागा माहीत आहे." मी पुढे गेलो. प्राध्यापक माझ्यामागून निघाले, पण पाणी शोधण्याच्या उत्साहात कडेकडेने डावीकडे सरकले. मी कड्याच्या टोकावर पोचलो तेव्हा ते माझ्यापासून साठ-सत्तर पावलांवर, खोच्या दुसऱ्या अंगाला होते. तिथून कुंड दिसत नाही. माझ्या जागेवरून दिसतं. कुंड कोरडं होतं. तळाचा दगड पांढरा पडला होता आणि त्यावर वाळकी पानं होती.

प्राध्यापकांनी ओरडून विचारलं, "आहे का हो पाणी?"

मी ओरडून सांगितलं, "खाली आहे!"

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत 'खाली' या शब्दाचे दोन अर्थ चालतात. एक मराठीतला, खालच्या बाजूला. दुसरा हिंदीतून आलेला, रिकामा. मटका खाली आहे, डबा खाली झाला, असं इथे रोज बोललं जातं आणि इथल्या माणसाचा गोंधळ होत नाही. साताऱ्याच्या माणसाला एकच अर्थ ठाऊक असतो.

त्यांनी हात वर करून कळल्याची खूण केली आणि ते उतरू लागले.

शब्द तोंडातून निघाला तेव्हा माझा हेतू काय होता, हे मला खात्रीने सांगता येत नाही. पुढचं सांगता येतं. ते उतरताना मला दिसत होते. ती बाजू भुसभुशीत आहे, हे मला माहीत होतं. त्यांच्या पहिल्या पावलापासून ते घसरेपर्यंत एक हाक मारायला पुरेल इतका वेळ होता. मी हाक मारली नाही.

दगड गडगडल्याचा आवाज ऐकून दादा अनवाणी धावत आला. आम्ही दोघे सोप्या वाटेने खोत उतरलो. प्राध्यापक घोटा धरून बसले होते, चेहरा पांढरा.

"इथून कशाला उतरलात, भल्या माणसा?" दादा म्हणाला.

"हे म्हणाले ना, पाणी खाली आहे."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग कुंडाकडे पाहिलं. "अहो, खाली म्हणजे... खाली. सूखा. काहीच नाही त्यात."

क्षणभराने प्राध्यापकांना उलगडा झाला आणि ते पाय धरूनच मोठ्याने हसू लागले. "काय ही तुमची मराठी, संपादक! जीव घ्याल एखाद्याचा!"

दादाही हसला. सगळ्यात शेवटी मी.

परतीला साडेतीन तास लागले. दादाने त्यांना खांद्याचा आधार दिला होता. अरुंद वाटेवर दोघे तिरके होऊन एकेक पाऊल टाकत होते. मी तिघांच्या पिशव्या घेऊन मागे.

घोटा मोडला नव्हता, मुरगळला होता. मुरारच्या एका हाडवैद्याने पट्ट्या बांधल्या. स्टुलावर पाय ठेवून बसल्या बसल्या प्राध्यापकांनी लेख लिहिला आणि आमच्या पाक्षिकासाठी माझ्याकडे पाठवला.

तो मी दोनदा वाचला, चुका शोधण्यासाठी. एक अनुस्वार सापडला. उन्हात तापलेल्या वालुकाश्माचा वास, करधईच्या फांद्यांतून दिसणारा तलाव, अगदी दूर बिर्लानगरच्या गिरणीच्या धुराची रेघ: ज्या गोष्टी मी चौदा वर्षं पाहिल्या आणि ज्यांवर एक ओळ लिहिली नाही, त्या सगळ्या तिथे होत्या, जागच्या जागी. मधोमध 'खाली'चा किस्सा होता. त्यात मी होतो: 'आमचे संपादकमित्र', साधा, भला, दुभाषी माणूस. माझ्या हातून घडलेली एकच वाईट गोष्ट. तिचाही उत्तम लेख त्यांनीच केला होता.

अनुस्वार देऊन मी तो छापायला पाठवला. मंडळींना फार आवडला. दोन-तीन आठवडे लोक मला रस्त्यात अडवून विचारत, "काय, खाली का वर?"

वैशाखाच्या अखेरीला मी थाटीपूरला गेलो तेव्हा सामान बांधून होत आलं होतं. वहिनी शेजारी गेल्या होत्या. दादा जमिनीवर बसून स्वतःचे नकाशे गुंडाळत होता. अंक बाजूला पडला होता.

"चांगलं लिहिलंय," मी म्हणालो.

"हं." त्याने एक गुंडाळी सुतळीने बांधली. "तू खाली म्हणत नाहीस."

"काय?"

"लहानपणापासून. आम्ही सगळे म्हणायचो, मटका खाली, डबा खाली. तू रिकामा म्हणायचास. मावशीनं तुला मारून मारून शिकवलं होतं. आम्ही तुला चिडवायचो त्याच्यावरून."

मी म्हणालो, "उन्हात गेलं असेल तोंडातून."

"गेलं असेल." त्याने दुसरा नकाशा ओढला आणि कडा जुळवून गुंडाळायला घेतला. मला बोलायला वेळ मिळावा इतक्या सावकाश तो गुंडाळत होता. नकाशा गुंडाळून झाला.

"प्रोफेसरसाहेबांना सांगितलंस?" मी विचारलं.

"मी कशाला सांगू?" तो म्हणाला. आणि मग, "रविवारी ये. त्यांचा पाय ठीक आहे आता. एकदा जाऊन येऊ."

तो शेवटचा रविवार. चौकीदाराकडे सायकली ठेवल्या. जिथे वाट अरुंद होते तिथे दादा थांबला. "तू पुढे हो," तो मला म्हणाला. प्राध्यापकांना त्याने माझ्या मागे घातलं, हातात काठी देऊन. स्वतः शेवटी राहिला.

पहिल्या जागेवर मी कधी चाललो नव्हतो. समोर पाठ नसते. कोळ्याची जाळी तोंडाला लागतात. वाट फुटली की आपणच ठरवायचं. दोनदा मी थबकलो, तरी दादा मागून काही बोलला नाही.

उतार आला की प्राध्यापक माझ्या खांद्यावर हात ठेवत. "सांगा हो, काय आहे पुढे?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी सविस्तर सांगत होतो. तीन दगड आहेत, मधला हलतो, डावीकडे पाय नको. मी सांगेन तिथेच ते पाय टाकत होते. एकदाही त्यांनी काठीने आधी चाचपून पाहिलं नाही. त्यांचा हात उचलला गेला की मला बरं वाटे.

सपाटी लागल्यावर मागे बोलणं सुरू झालं. दादा भोपाळच्या तलावांबद्दल सांगत होता. तिथे डोंगर आहेत म्हणतात, अजून पाहायचेत. मग त्याचा आवाज आला:

"दिवाळीत या की भोपाळला."

'या'. प्राध्यापकांना तो अहोजाहो करी, मला अरेतुरे. त्यामुळे हे आमंत्रण एकट्या त्यांना असेल, नाहीतर आम्हा दोघांना मिळून. व्याकरणाला दोन्ही अर्थ चालतात. मी चाल थोडी मंद केली. प्राध्यापक म्हणाले, "नक्की येतो." दादाने त्यात काही जोडलं नाही.

पुढे खैराची एक फांदी वाटेवर आडवी आली होती, डोळ्यांच्या उंचीवर, काट्यांनी भरलेली. मी ती धरली, वाटेतून बाजूला सरलो आणि म्हणालो, "काटे आहेत, जपून." प्राध्यापक वाकून गेले. त्यांच्यामागून दादा गेला. जाताना त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. दोघे पुढे निघाल्यावर मी फांदी सोडली.