सोबत कोण आलंय?

उल्हासनगरच्या दवाखान्यात एंडोस्कोपीसाठी आम्ही दोघे उपाशीपोटी बसलो होतो. मी आणि शेजारी खरवई गावचे एक म्हातारे.

"बाबा, सोबत कोण आलंय? गुंगीचं इंजेक्शन घेतलंत तर घरी न्यायला माणूस लागतो," सिस्टर म्हणाली. "नाहीतर नुसता घसा बधिर करायचा फवारा."

"मंग फवाराच मारा."

त्यांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली. आतून त्यांचे उमासे ऐकू येत राहिले. डोळे पुसत बाहेर आले. नको त्या चौकशा करायची माझी खोड वाईटच.

"मुलं नाहीत?"

"चार हायेत. जमीन इकली तवा सह्या कराला सगली आलती."

कवळी बसवून ते एकटेच रिक्षाकडे गेले.

सिस्टर माझ्याकडे वळली. "तुमच्यासोबत कोण?"

"मलाही फवाराच मारा," मी म्हणालो.